जैतापूरचे भिजत घोंगडे आणि सातशे मेगावॉटची वाट

अणुविजेचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन बाजू ठरलेल्या असतात. एक विचारते, फुकुशिमा विसरलात का? दुसरी विचारते, चंद्रपूर-कोराडीची राख आणखी किती वर्षे गिळायची? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण जैतापूरचा करार होऊन पंधरा वर्षे उलटली तरी राज्यात नवा अणुसंच उभा राहिलेला नाही, याचे कारण या वादात सापडत नाही. घोडे पेंड खाते ते वेळापत्रकात, कर्जाच्या व्याजात आणि आपण कोणता संच निवडला यात.

आमचे म्हणणे सरळ आहे. महाराष्ट्राला अणुवीज हवी. मात्र १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच संचांची वाट पाहणे थांबवावे, जैतापूरचा आजचा आराखडा रीतसर बंद करावा आणि गुजरातेत काकरापारला चालू असलेला ७०० मेगावॉटचा स्वदेशी जड पाण्याचा (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेल्या पाण्यावर चालणारा) संच राज्यात जसाच्या तसा उभारायला घ्यावा. तोही डोळे झाकून नव्हे. या संचांची दुखणी काय आहेत ते पुढे येईलच.

आधी गरज किती, ते पाहू. सौर वीज आता निविदांमध्ये युनिटला अडीच रुपयांच्या आसपास मिळते आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांचा मोठा भार दिवसावर आणण्याचे काम सुरू आहे. हे उत्तमच झाले. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पंप चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याची सुटका कोणत्याही अणुप्रकल्पाने केली नसती. पावसाळ्यात ऊन कमी पडते, पण तेव्हा सातारा, सांगली, धुळ्याकडचा वारा जोरात असतो आणि पंपही बंद असतात, त्यामुळे ते चार महिने बरे निभावतात. खरी अडचण येते ती ऑक्टोबर हीटमध्ये आणि फेब्रुवारीपासूनच्या उन्हाळ्यात. वारा पडलेला, पंखे-एसी चालू, सूर्य साडेसहाला मावळलेला. महावितरणची कमाल मागणी २५ हजार मेगावॉटच्या वर गेलेली आहे. त्यातली संध्याकाळची चढण दोन-चार तासांच्या बॅटऱ्या पेलतील. रात्रभर, आणि सलग कित्येक रात्री, सारखी वीज देण्याचे काम आजही कोळसाच करतो.

त्या कोळशाचा हिशेब असा. ७०० मेगावॉटचा संच वर्षभर ८५ टक्के क्षमतेने चालला तर साधारण ५२० कोटी युनिट वीज देतो. ती कोळशावर करायची तर आपल्याकडच्या प्रतीचा ३५ लाख टनांच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे रोज दोन-अडीच मालगाड्या. तेवढीच वीज जड पाण्याच्या अणुभट्टीत करायला नैसर्गिक युरेनियम लागते वर्षाला शंभर टनांच्या आत-बाहेर. अर्धा मीटर लांबीचे, ३७ कांड्यांचे बंडल असतात. एकात सुमारे १९ किलो युरेनियम. पूर्ण शक्तीवर चालणाऱ्या संचाला रोज असे पंधरा-सोळा बंडल पुरतात, आणि ते बदलायला भट्टी बंदही करावी लागत नाही. दोन्ही बाजूंनी दोन इंधन-यंत्रे एकाच नळीला जोडतात, एक ताजे बंडल ढकलते, दुसरे वापरलेले काढून घेते. कैगाचा पहिला संच मे २०१६ ते डिसेंबर २०१८ असा सलग ९६२ दिवस चालला तो यामुळेच.

नैसर्गिक युरेनियम ही इथली मोठी जमेची बाजू. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम, म्हणजे फुटून ऊर्जा देणारा, भाग फक्त ०.७ टक्के असतो. साध्या पाण्यावरच्या भट्ट्यांना तो वाढवून, म्हणजे समृद्ध करून, लागतो आणि ते काम करणारे देश मोजकेच आहेत. तारापूरच्या पहिल्या दोन संचांनी याची किंमत मोजली. १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने इंधन पुरवायचे होते; १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर पुरवठा आटला आणि पुढे फ्रान्स, चीन, रशिया अशी दारे ठोठवावी लागली. स्वदेशी संचांनाही चणचण चुकलेली नाही. आपल्या खाणींतला धातू हलक्या प्रतीचा, त्यामुळे २००८ च्या सुमारास ते निम्म्या क्षमतेने चालवावे लागले होते. अणुसामग्री विकणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाने त्याच वर्षी सवलत दिल्यावर आयात सुरू झाली. तरी जगाच्या बाजारात कोणाकडूनही घेता येईल असा कच्चा माल आणि मोजक्या कारखान्यांतूनच मिळणारे तयार इंधन यांत फरक आहे.

आता वेळापत्रक. अणुविजेच्या किमतीत इंधनाचा वाटा थोडा असतो. खरी किंमत बांधकामाची आणि त्यावरच्या व्याजाची. समजा, दहा हजार कोटींचे कर्ज दरवर्षी सारख्या हप्त्यांत उचलले आणि व्याज ९ टक्के. काम सहा वर्षांत संपले तर वीज सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावर साधारण १३ हजार कोटी असतात. तेच काम बारा वर्षे रेंगाळले तर साडेसतरा हजार कोटी. यात सिमेंट-पोलादाची महागाई धरलेली नाही, बदललेल्या आराखड्याचा खर्च धरलेला नाही, उशिरामुळे बाहेरून घ्यावी लागलेली महाग वीजही धरलेली नाही. वीस पैशांच्या कपातीसाठी वीज नियामक आयोगापुढे महिनोन्महिने भांडणारे आपण या एका आकड्याकडे फारसे पाहत नाही.

या कसोटीवर जैतापूरसाठी निवडलेला ईपीआर, म्हणजे साध्या पाण्यावरचा १,६५० मेगावॉटचा फ्रेंच संच, काय सांगतो? फिनलंडमध्ये ओल्किलुओटोच्या तिसऱ्या संचाचे काम २००५ मध्ये सुरू झाले, वीज २००९ मध्ये यायची होती, नियमित उत्पादन सुरू झाले एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्समध्ये, म्हणजे खुद्द घरच्या मैदानावर, फ्लामांव्हिलचे काम डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाले आणि संच ग्रिडला जोडला गेला तो २१ डिसेंबर २०२४ ला. खर्चाचा पहिला अंदाज ३.३ अब्ज युरो होता, तो कंपनीच्याच हिशेबाने १३.२ अब्जांवर गेला. ब्रिटनमधल्या हिंकली पॉइंटच्या विजेला ३५ वर्षांसाठी २०१२ च्या किमतींनुसार मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, ९२.५ पौंडांची हमी द्यावी लागली आणि तो भाव दरवर्षी महागाईप्रमाणे वाढतो. चीनमधल्या ताइशानचे दोन संच त्या मानाने लवकर, २०१८ आणि २०१९ मध्ये सुरू झाले. पण पहिल्या संचात इंधनकांड्या खराब झाल्याने तो जुलै २०२१ पासून वर्षभर बंद ठेवावा लागला. संचाचे सुरक्षेचे गणित कागदावर चांगले आहे. चार स्वतंत्र सुरक्षा-व्यवस्था, दुहेरी कवच, गाभा वितळलाच तर तो पसरून थंड करणारी खास जागा. हे सगळे जागेवर, वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यासह, उतरवणे मात्र फार कठीण निघाले.

दुसऱ्या टोकाला अबू धाबीतले बराका आहे. कोरियाने तिथे १,४०० मेगावॉटचे चार एकसारखे संच बांधले. पहिले काँक्रीट जुलै २०१२ मध्ये पडले आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत चारही वीज देऊ लागले. अणुवीज कार्यक्रम आधी नव्हता अशा देशात हे झाले. फरक एवढाच, की कोरियाने घरी आधी अनेक संच बांधलेले होते आणि तीच माणसे, तेच पुरवठादार, तीच रेखाचित्रे घेऊन तो तिथे गेला.

आपल्याकडे हाच अनुभव छोट्या प्रमाणात आलेला आहे, त्याची चर्चा मात्र झाली नाही. ७०० मेगावॉटचा पहिला संच म्हणजे काकरापार-३. त्यात अणुविखंडनाची साखळी-क्रिया सुरू झाली २२ जुलै २०२० ला. व्यावसायिक उत्पादन सुरू व्हायला ३० जून २०२३ उजाडले. जवळजवळ तीन वर्षे गेली, कारण नव्या रचनेत कवचाच्या आतल्या काही भागांत अपेक्षेपेक्षा जास्त तापमान आढळले आणि उष्णतारोधन व हवा थंड करण्याच्या व्यवस्थेत बदल करावे लागले. त्याचाच जुळा भाऊ काकरापार-४. साखळी-क्रिया १७ डिसेंबर २०२३, व्यावसायिक उत्पादन ३१ मार्च २०२४. साडेतीन महिने! राजस्थानात रावतभाट्याच्या सातव्या संचाला सप्टेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ असे सात महिने लागले. पहिल्यावर शिकलेले दुसऱ्याला आणि तिसऱ्याला कामी आले.

शेवटच्या टप्प्यातली ही झेप बांधकामात अजून दिसलेली नाही, हेही सांगायला हवे. काकरापारच्या जोडीचे पहिले काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडले होते. मंजूर खर्च होता ११,४५९ कोटी, झाला २२,५०० कोटींच्या वर, म्हणजे मेगावॉटमागे १६ कोटी. रावतभाट्याचे काम २०११ पासूनचे. एवढा उशीर पुन्हा झाला तर आमचा सगळा युक्तिवाद कोसळतो. उशिराची कारणे मात्र दुरुस्त होण्याजोगी आहेत. कॅलँड्रिया (इंधननळ्या जिच्यातून जातात ती जड पाण्याची टाकी), एंड शील्ड (तिच्या दोन टोकांची किरणोत्सार अडवणारी झाकणे), चार स्टीम जनरेटर, चार मुख्य शीतक पंप, इंधन-यंत्रे अशा ज्या वस्तू घडवायलाच तीन-चार वर्षे लागतात, त्यांच्या ऑर्डरी आपण दोन-दोन संचांपुरत्या, मध्ये वर्षानुवर्षांची खंड पाडून देत आलो. वालचंदनगरपासून विक्रोळीपर्यंत ज्या कारखान्यांनी अशी कामे केली आहेत त्यांना विचारा: एका ऑर्डरीनंतर दुसरी दहा वर्षांनी आली तर अणुदर्जाचे वेल्डिंग करणारा कारागीर तोवर टिकतो का? तो आखातात जातो किंवा निवृत्त होतो आणि नव्या माणसाची पात्रता-चाचणी पहिल्यापासून करावी लागते.

म्हणूनच २०१७ मध्ये केंद्राने एकदम दहा संच मंजूर केले ते धोरण बरोबर होते. हे दहा कुठे आहेत पाहा: कर्नाटकात कैगा, हरियाणात गोरखपूर, मध्य प्रदेशात चुटका, राजस्थानात माही बांसवाडा. महाराष्ट्राच्या वाट्याला एकही नाही. अणुऊर्जा महामंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरात, भाभा केंद्र तुर्भ्यात, जड पाणी बनवणारा एक कारखाना थळला आणि नवा संच मात्र नाही, कारण आपली जागा जैतापूरच्या नावाने अडवून ठेवलेली आहे. ‘तुम्हाला ९,९०० मेगावॉट मिळणारच आहेत’ हे आश्वासन कागदावर असेपर्यंत १,४०० कोण मागणार?

एकसारखे संच बांधण्यात एक धोका आहे आणि तो फ्रान्सने भोगला. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने मोजक्या ठरावीक रचनांच्या पन्नासहून अधिक अणुभट्ट्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या केल्या. २०२१ च्या अखेरीस एका संचाच्या पाइपांत ताणामुळे होणाऱ्या गंजाच्या भेगा सापडल्या. रचना तीच, म्हणजे शंका सगळ्यांवर. एकामागून एक संच तपासणीसाठी बंद झाले आणि २०२२ मध्ये फ्रान्सचे अणुवीज उत्पादन कित्येक दशकांतल्या नीचांकावर गेले. वीज विकणारा देश विकत घेऊ लागला.

आपल्याकडे असेच छोटे प्रकरण काकरापारच्याच जुन्या, २२० मेगावॉटच्या संचांत घडले. ते नीट समजून घेण्यासारखे आहे. या भट्टीत दाबाखालचे एकच मोठे बंद भांडे नसते. शेकडो आडव्या दाबनलिका असतात. झिर्कोनियम-नायोबियमच्या या नलिकांतून शंभरेक वातावरणांच्या दाबाखाली, तीनशे अंशांच्या आसपास तापलेले जड पाणी वाहते. प्रत्येक दाबनलिकेभोवती दुसरी नळी असते आणि दोन्हींमधल्या फटीत कार्बन डायऑक्साइड खेळवलेला असतो. दाबनलिका झिरपू लागली तर या वायूतला ओलावा वाढतो आणि नलिका फुटण्याआधीच सूचना मिळते, अशी योजना. जुलै २०१५ मध्ये दुसऱ्या संचात आणि ११ मार्च २०१६ ला पहिल्या संचात नलिकेतून गळती झाली. संच आपोआप बंद झाला, गाभा थंड राहिला, बाहेर धोकादायक किरणोत्सार गेला नाही. चौकशीत दिसले की नलिकांना बाहेरच्या बाजूने ठिकठिकाणी गंज चढला होता, आणि त्याचे मूळ निघाले फटीतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळलेल्या हायड्रोकार्बनच्या अशुद्धीत. गळती हुडकायला ठेवलेल्या वायूतच खोट! शेवटी दोन्ही संचांच्या दाबनलिका सरसकट बदलाव्या लागल्या आणि दोन्ही संच वर्षानुवर्षे बंद राहिले.

अणुसंच असा बिघडतो. बाहेरून आलेल्या एका वायूची शुद्धता कोणी, किती वेळा, कशाने तपासली यात तो बिघडतो. दहा एकसारखे संच बांधायचे तर असे प्रत्येक निरीक्षण दुसऱ्या दिवशी दहाही ठिकाणी पोचले पाहिजे, आणि ते लपवण्यात कोणाचाही फायदा नसला पाहिजे.

सुरक्षेबद्दल बोलताना आणखी एक भारतीय घटना फुकुशिमाआधी आठवायला हवी. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या पहिल्या संचात टर्बाइनची दोन पाती तुटली. प्रचंड कंपने झाली, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन सुटला, पेटला. आग केबलमार्गे पसरली. मुख्य आणि राखीव अशा दोन्ही पुरवठ्यांच्या केबल एकाच मार्गाने, मध्ये अग्निरोधक भिंत न ठेवता टाकलेल्या असल्याने सगळीच वीज गेली. सुमारे १७ तास संच अंधारात होता. साखळी-क्रिया थांबली होती, पण थांबल्या क्षणी भट्टी तिच्या औष्णिक शक्तीच्या ६-७ टक्के उष्णता देत असते. तासाभराने दीड टक्का, दिवसानंतर अर्धा टक्का. ७०० मेगावॉटच्या संचाची औष्णिक शक्ती सुमारे २,१०० मेगावॉट. म्हणजे पहिल्या क्षणी जवळपास दीडशे मेगावॉटची शेगडी, जी बंद करण्याचे बटणच नाही. नरोऱ्यात कर्मचाऱ्यांनी टॉर्चच्या उजेडात जाऊन हाताने झडपा उघडून साखळी-क्रिया पुन्हा सुरू होऊ न देणारा बोरॉन सोडला आणि आग विझवायच्या डिझेल पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये पाणी भरत राहिले. गरम पाणी वर, गार खाली या नैसर्गिक अभिसरणावर गाभा थंड राहिला. अभियंत्यांनी नशिबाच्या जोरावर नव्हे, रचनेतल्या त्या गुणाच्या जोरावर संच वाचवला; पण केबलची मांडणी करणाऱ्यांना त्याचे श्रेय नाही. ७०० मेगावॉटच्या संचात पंपाशिवाय उष्णता काढून नेणारी वेगळी व्यवस्था आहे, ती या धड्याला धरूनच.

फुकुशिमाचा धडाही तेवढाच नेमका आहे. ११ मार्च २०११ ची त्सुनामी तिथे १४-१५ मीटरची आली, तयारी होती सहा मीटरांहून कमी लाटेची, आणि डिझेल जनित्रे व वीज वाटपाचे फलक खालच्या मजल्यांवर. त्याच भूकंपात, केंद्राला जास्त जवळ असलेले ओनागावा अणुकेंद्र वाचले, कारण ते चौदा मीटरांच्या आसपास उंचीवर बांधलेले होते.

म्हणून जैतापूरला त्सुनामीचा मुद्दा आम्हाला तितका जोरकस वाटत नाही. प्रकल्पाची जागा असलेला माडबनचा सडा समुद्रापासून चांगला उंच आहे. शेजारच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा मुद्दा मात्र पक्का आहे आणि त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी साधे गणित करावे. ९,९०० मेगावॉट वीज निघते तेव्हा सुमारे १७ हजार मेगावॉट उष्णता समुद्रात जाते. पाणी सात अंशांनी तापवून सोडायचे तर सेकंदाला ६०० घनमीटर पाणी आत घ्यावे लागते, म्हणजे दिवसाला पाच हजार कोटी लिटरांहून जास्त. तापमानवाढ कमी ठेवायची तर पाणी आणखी वाढते, आणि पाण्याबरोबर आत ओढली जाणारी अंडी, पिल्ले, प्लवकही वाढतात. हा प्रश्न एका खाडीच्या तोंडाशी एकाच ठिकाणी सहा संच रचल्यामुळे तयार झाला आहे. ७०० मेगावॉटच्या दोन संचांना हेच पाणी सेकंदाला शंभर घनमीटर लागेल.

माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे भागातली ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली, डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सशी करार झाला, एप्रिल २०११ मध्ये आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक जीव गेला. त्यानंतर मूळ फ्रेंच कंपनी डबघाईला येऊन तिचा भट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीजकंपनीकडे गेला, नवा तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव एप्रिल २०२१ मध्ये आला, आणि घोंगडे भिजतच आहे. जमीन गेलेल्याला ना प्रकल्पातली नोकरी, ना जमीन परत. याला विकासही म्हणता येत नाही आणि विरोधकांचा विजयही.

ग्रिडच्या बाजूने एक अडचण आहे, ती अणुसमर्थक सहसा सांगत नाहीत. दुपारी सौर वीज भरपूर असताना संच खाली आणा आणि संध्याकाळी वर न्या, असे जड पाण्याच्या भट्टीला सहज सांगता येत नाही. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होते, त्यापासून झेनॉन-१३५, आणि झेनॉन न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो. भट्टी चालू असताना तो तयार होतो तसा जळतोही. शक्ती उतरवली की जळणे थांबते, पण आधीच्या आयोडीनपासून तयार होणे चालूच राहते. पुढचे काही तास झेनॉन वाढतच जातो. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत हाताशी जादा प्रतिक्रियाशीलता, म्हणजे झेनॉनवर मात करून साखळी-क्रिया चालू ठेवण्याची राखीव ताकद, थोडीच असते. अचानक बंद पडलेला संच अर्ध्या-पाऊण तासात परत चालू झाला नाही तर दीड दिवसाच्या आसपास बसून राहावे लागते. म्हणून हे संच एकाच शक्तीवर सारखे चालवायचे असतात.

अर्थात राज्यात अणुविजेला मर्यादा आहे. सौर कृषी वाहिन्यांमुळे शेतीचा रात्रीचा भार घटत जाणार, आणि पावसाळ्यातल्या मध्यरात्रीही जी किमान मागणी उरते तिच्या एका भागापुरतेच सतत चालणारे संच असावेत. आमच्या अंदाजाने चार ते सहा संच, म्हणजे २,८०० ते ४,२०० मेगावॉट; त्यापलीकडे नाही. त्याला जोड हवी ती उदंचन प्रकल्पांची. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे: जादा विजेवर पाणी वर चढवायचे, मागणीच्या वेळी खाली सोडायचे, चढवायला लागलेल्या विजेपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास परत मिळते. सह्याद्रीचा कडा या कामासाठी जणू बेतलेला आहे.

छोट्या मॉड्युलर, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर जोडायच्या, भट्ट्यांवर सध्या फार बोलले जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी ठेवले आणि २०३३ पर्यंत निदान पाच चालू करायचे ठरले. संशोधन जरूर व्हावे. पण अमेरिकेतला या प्रकारचा सर्वात पुढे गेलेला आयडाहोचा प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला, कारण विजेचा अपेक्षित भाव मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला होता. कारखान्यात शेकडो बनवल्यावर स्वस्त होतील, हे खरे असेल. पहिले दहा कोण महागात घेणार, हा प्रश्न उरतो. २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट हे देशाचे लक्ष्य आहे आणि २०२५ मधली क्षमता ८,८८० मेगावॉट. म्हणजे दरवर्षी ७०० मेगावॉटचे सहा संच. तिथवर कोणी पोचेल असे आम्हाला वाटत नाही, पण जे काही गाठता येईल ते सध्या हातात असलेल्या संचानेच.

कचऱ्याचे थोडक्यात. संचामागे वर्षाला शंभरेक टन वापरलेले इंधन निघते. आकारमानाने ते थोडे असते आणि काही वर्षे पाण्याच्या तलावात राहते. भारत त्यावर पुनर्प्रक्रिया करतो आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी भाग बोरोसिलिकेट काचेत गोठवतो. तारापूरला हे काम होते. त्या काचेसाठी खोल भूगर्भातले कायमचे ठिकाण आपल्याकडे नाही. फिनलंडने ४०० मीटरांहून खोल खडकात ते खोदले आहे. पुनर्प्रक्रिया करतो म्हणून घाई नाही, हे अणुऊर्जा विभागाचे उत्तर काही दशके चालेल, कायमचे नाही. आणि जिच्या भरवशावर ते दिले जाते ती कल्पाक्कमची ५०० मेगावॉटची जलद प्रजनक (पुनर्प्रक्रियेतून मिळालेले इंधन वापरून नवे इंधनही तयार करणारी) भट्टी २००४ मध्ये सुरू होऊन २०१० मध्ये पूर्ण व्हायची होती, तिच्या गाभ्याची भरणी सुरू झाली मार्च २०२४ मध्ये.

उरला कायदा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या शांती कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुदायित्व कायदा मोडीत काढले, खासगी कंपन्यांना दार उघडले आणि १९८३ पासून सरकारी आदेशावर चालणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचा आधार दिला. शेवटची गोष्ट फार आधी व्हायला हवी होती. मात्र सदोष माल देणाऱ्या पुरवठादाराकडून वसुलीचा जुन्या कायद्यातला कलम १७(ब) चा हक्क गेला. आता करारात लिहिले असेल तरच तो मिळेल. भोपाळ पाहिलेल्या देशाने ते कलम उगाच घातले नव्हते. सर्वात मोठ्या संचासाठीही चालकाच्या दायित्वाची मर्यादा ३,००० कोटी आहे आणि फुकुशिमाची भरपाई त्याच्या कित्येक पट झाली. रचना आणि चालवणे दोन्ही एकाच सरकारी महामंडळाकडे असलेल्या स्वदेशी संचात निदान बोट कोणाकडे दाखवायचे हा घोळ कमी होतो. परदेशी संचात तो वाढतो.

राज्य सरकारने केंद्राला लेखी कळवावे की जैतापूरचा सहा संचांचा आराखडा आम्हाला नको. त्याऐवजी ७०० मेगावॉटच्या पुढच्या ताफ्यात महाराष्ट्राला चार संच द्या. जागा माडबनची असेल तर आधी दोनच संच, त्यासाठी लागणार नाही तेवढी जमीन मूळ मालकांना परत, आणि मासेमारीचा पायाभूत अभ्यास काम सुरू होण्याआधी तीन हंगामांचा, मच्छीमार सोसायट्यांच्या माणसांना बोटीवर घेऊन. गावांनी नकार दिला तर तारापूरचा पर्याय तपासावा; तिथले पहिले दोन संच १९६९ चे आहेत, २०२० मध्ये ते दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले होते, आणि कधी ना कधी निवृत्त होणारच आहेत. जागेची भूगर्भीय तपासणी, पर्यावरण परवानगी आणि नियामक मंडळाची जागा-मंजुरी यांत चार वर्षे धरा, बांधकामाला सहा-सात. आज ठरवले तरी पहिला संच २०३७ च्या अलीकडे वीज देत नाही.